मसोलीच्या शेठची बोलकी बोट

धुराच्या बाबतीत डहाणूकरांना कोणी शिकवायला जाऊ नये. बाकीच्या गावांत धूर दिसला की लोक डोळे चोळतात, आमच्याकडे अर्ज लिहितात. १९९१ साली केंद्र सरकारने अख्खा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यापुरतं स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष राहिले. एका तालुक्याच्या धुराला निवृत्त न्यायमूर्ती! मुंबई एवढी मोठी, पण तिथे चौकातल्या हवालदारावर भागवतात.

खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. चिकूचा मोहोर गळायला लागला की वाडीवाल्यांची बोटं त्याच्या उंच धुराड्याकडे वळायची. बरीच वर्षं भांडून झाल्यावर तिथे धुरातला गंधक काढायची यंत्रणा बसली, तीही समुद्राच्या पाण्यावर चालणारी. म्हणजे धूर आधी खाऱ्या पाण्याने धुवायचा आणि मगच हवेत सोडायचा. अशा तालुक्यात वाढलेल्या माणसाने बोट घेतली, तर तीही धूर धुऊन सोडणारीच घेणार. मसोलीतल्या आमच्या एका चिकूवाल्या शेठनी घेतली.

बोट मुंबईहून आली, अर्थात दुसऱ्या हाताची. पांढरी, टोकदार, मागे पाय पसरून बसायला गाद्या. खाडीत आमच्या मच्छीमार बोटींच्या रांगेत ती उभी राहिली तेव्हा मयताला रेशमी झब्बा घालून आल्यासारखी दिसत होती. आमच्या बोटींचा कारभार सरळ असतो. मधे ट्रकच्या जातीचं डिझेल इंजिन, त्यातून मागे सरळ जाणारा शाफ्ट, टोकाला पंखा, पंख्यामागे सुकाणू. धूर वर, पंखा खाली, तांडेल मधे. बिघाड झाला तर तो या तिघांपैकी एकात असतो, आणि बहुतेक वेळा तांडेल सोडून.

शेठच्या बोटीत मात्र इंजिन आत आणि गिअर-पंख्याचं सगळं लटांबर बाहेर, बोटीच्या पाठीला टांगलेलं. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. बाहेरचा भाग डावीकडे-उजवीकडे वळतो, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. तो बटण दाबून वर उचलताही येतो, म्हणून उथळ पाण्यात पंखा वाचतो. हे सगळं जमण्यासाठी बोटीच्या पाठीला पाण्याच्या रेषेशी एक भलंमोठं भोक पाडलेलं असतं. बोटीला मुद्दाम भोक पाडणाऱ्या कारागिराला आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी कोणी कामावर घेणार नाही. पण जिम विन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने ही कल्पना व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीला विकून दाखवली आणि कंपनीने ती १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात मांडली. लोकांनी ती उचलून धरली. स्वीडनच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत वीत-दीड वीत फरक पडतो. बोट संध्याकाळी जिथे बांधली, तिथेच ती सकाळी तरंगत असते. डहाणूला उधाणाच्या दिवसांत हाच फरक पाच मीटरच्या आसपास जातो. आमची खाडी दिवसातून दोनदा बोटींना चिखलात बसवून निघून जाते.

मग त्या भोकातून पाणी आत का येत नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला. विचारणारे तांडेलकाका. वय सत्तरीपार, बोटीवर जाणं सोडलंय, पण धक्क्यावर हजेरी रोजची.

"रबर आहे," शेठ म्हणाले.

"रबर?" काकांनी एवढंच विचारलं आणि विडी पेटवली.

रबरच आहे. हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्यांची रबरी नळी असते. मिस्त्रीलोक तिला 'बेलो' म्हणतात. बाहेरचा भाग हलायचा आणि वळायचा, म्हणून आतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट अशा घडीदार नळीतूनच न्यावी लागते. असे तीन बेलो असतात. सगळ्यांत जाड बेलोमध्ये इंजिनाची ताकद नेणारा, दोन ठिकाणी सांधे असलेला शाफ्ट फिरतो. त्याहून बारीक बेलोतून गिअरची केबल जाते. तिसऱ्यातून धूर. इंजिन समुद्राचं पाणी ओढून घेतं, आपलं अंग गार करतं आणि तेच पाणी धुरात सोडतं. धूर निवतो, नाहीतर रबर जळूनच जायचं. मग पाणी आणि धूर हातात हात घालून त्या तिसऱ्या बेलोतून पंख्याच्या मधल्या पोकळीत उतरतात आणि पाण्याखालून गुपचूप बाहेर पडतात. श्रीमंत बोटींच्या आवाजात जो मऊपणा असतो तो यामुळे. कानाला भांडी घासल्यासारखा लागतो तो आमचा, गरिबांचा.

आता खरी मेख ऐका. यातला जाड बेलो फाटला तर पाणी आधी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग खातं, मग बोटीत शिरतं आणि मालक घरी झोपलेला असताना बोट खाडीच्या तळाशी जाऊन बसते. केबलचा बेलो फाटला तरी तेच, फक्त सावकाश. धुराचा बेलो सुटला तर काय होतं? आवाज होतो. बस. अमेरिकेत कित्येक लोक तो बेलो काढूनच टाकतात आणि त्या जागी बोटभर नळीचा तुकडा लावून हिंडतात. म्हणजे तिघांमध्ये हा सगळ्यांत निरुपद्रवी. पण बोलतो एकटा हाच. बाकीचे दोघे बुडवेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत.

आमच्याकडे तर बोट आवाजावरूनच ओळखतात. पहाटे धुक्यात काही दिसत नसताना धक्क्यावर बसलेल्या बायका टोपल्या सावरत सांगतात, ही अमक्याची आली, ही तमक्याची, हिचं एक सिलिंडर मारत नाहीये, हिच्यात बोंबील भरलेत. शेवटचं कसं कळतं ते मी विचारलं होतं. बोट भरलेली असली की इंजिन कण्हतं, असं उत्तर मिळालं. अशा कानांसमोर एका सकाळी शेठची बोट 'भद्-भद्-भडर्र' करत आली. मागे बसलेल्या पाहुण्यांच्या तोंडावर पेट्रोलचा भपकारा, पांढऱ्या पाठीवर काजळाचा पट्टा. धक्क्यावरच्या बायकांनी माना वळवल्यासुद्धा नाहीत.

"शेठच्या बोटीचं पोट बिघडलं," एक म्हणाली आणि निदान पक्कं झालं.

त्यानंतर सल्ल्यांची भरती आली. कोणी म्हणालं, पेट्रोलमध्ये भेसळ. कोणी म्हणालं, सायलेन्सरला भोक. रिक्षावाल्याने प्लग बदलायला सांगितलं. तो सगळ्यालाच प्लग बदलायला सांगतो. एकाने ट्रकच्या सायलेन्सरची घडीदार लोखंडी नळी वेल्ड करून बसवायचं सुचवलं. त्यावर वेल्डरही राजी झाला, पण ड्राइव्ह ॲल्युमिनियमचा आहे हे कळल्यावर त्याला घरी पाहुणे आल्याचं आठवलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार पिळण्याचा उपाय तर तीन वेगवेगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी एकमताने मांडला. शेठनी तो करूनही पाहिला. पट्टी खाडीच्या मुखापर्यंत टिकली.

मिस्त्रीला बोलावलं ते सगळ्यांत शेवटी, कारण तो पैसे घेतो.

मिस्त्री मूळचा आमच्याच बोटींच्या इंजिनांचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा त्याचा हंगाम. त्या दोन महिन्यांत तो वर्षाचं कमावतो आणि उरलेले दहा महिने लोकांना "पावसाळ्यात बघू" असं सांगतो. स्टर्नड्राइव्ह त्याने याआधी मुंबईत पाहिला होता, लांबून. त्याने एक गोष्ट मात्र कोणालाही न विचारता ओळखली. खाली वाकून पाहिलं, बोट फिरवलं, काजळ हुंगलं आणि म्हणाला, "शेठ, ओहोटीला तुम्ही हे वर उचलून ठेवता ना?"

"मग? नाहीतर चिखलात रुतेल की."

"तेच. वर उचललं की नळी ताणून राहते. रोज सहा-सहा तास ताणलेली. घडीत चिखल बसतो, चिखलात शिंपले वाढतात, वरून क्लॅम्प साधा लोखंडी, तो गंजून ढिला झाला. सुटणार नाही तर काय करेल?"

कंपनीचं पुस्तक सांगतं, बोट उभी असताना ड्राइव्ह खाली ठेवा, म्हणजे बेलो आपल्या मूळ आकारात विश्रांती घेतो. पुस्तक लिहिणाऱ्याची खाडी कोरडी पडत नाही. आमच्याकडे खाली ठेवावा तर पंखा रुततो, वर ठेवावा तर रबर ताणतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी नाही.

सामानाची शोधाशोध हा स्वतंत्र अध्याय आहे, पण तो आटोपता घेतो. नवा बेलो वापीला मिळाला नाही. वापीच्या दुकानदाराने भाताच दाखवला, लोहाराचा. शेवटी मुंबईला माणूस धाडला. दारूखान्यात तुटलेल्या जहाजांच्या ढिगांमध्ये जुने बेलो होते, पण जुना तर शेठकडेही होता. नवा एका दुकानात मिळाला. त्याची किंमत ऐकून शेठनी दुकानदाराला फोनवर तीनदा विचारलं, "एकाची ना?" क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटवर मिळाले, स्टेनलेस स्टीलचे, चहाच्या भावात. २०१३ पासून डहाणूला लोकल येते, त्यामुळे बेलो विरार ओलांडून खिडकीजवळ बसून आला.

आणि मग तो दिवस. अमावास्या होती, उधाणाची ओहोटी. पाणी पार खाडीच्या मधल्या पन्हळीत गेलं आणि बोट चिखलावर कलती बसली. इंग्रजी सिनेमांत बोट दुरुस्त करायला क्रेन असते. आमच्याकडे चंद्र असतो. भाडं नाही, फक्त वेळ पाळावी लागते. पाणी परत येईपर्यंत जेमतेम पाच-सहा तास, आणि आज राहिलं तर उद्या पाऊणएक तास उशिराने हजर व्हायचं.

मिस्त्रीने गोणपाट अंथरलं आणि उताणा पडून बोटीच्या पाठीखाली शिरला. ड्राइव्ह पूर्ण डावीकडे वळवून घेतला, म्हणजे उजव्या बाजूने हात जाईल एवढी फट झाली. हात म्हणजे मनगटापर्यंत. आतल्या क्लॅम्पचा स्क्रू अशा जागी होता की तो दिसत असेल तेव्हा पाना पोचत नव्हता आणि पाना पोचला की डोळा पोचत नव्हता. स्कूटरचा आरसा मागवण्यात आला. आरसा धरायला खलाशाचा पोरगा, टॉर्च मिस्त्रीच्या दातांत. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे तो पोरगा "डावीकडे, डावीकडे" म्हणायचा आणि मिस्त्री उजवीकडे जायचा, आणि बरोबर जायचा.

जुना क्लॅम्प कापून काढावा लागला. धातूच्या गळपट्टीवर काजळाचा, मिठाचा आणि शिंपल्यांचा जो थर होता तो आधी स्क्रूड्रायव्हरने खरवडला, मग पॉलिश पेपरने घासला. हे काम कंटाळवाणं, पण इथेच सगळं ठरतं. बेलोच्या तोंडाच्या आत एक खाच असते, ती गळपट्टीच्या उठावावर बरोबर बसायला हवी. मधे खरखर राहिली तर क्लॅम्प कितीही आवळा, नळी महिनाभरात घसरणार. आतल्या बाजूला धातूची एक चिमुकली क्लिपही सरकवायची असते. क्लिप कशाला, तर दोन्ही बाजूंच्या धातूचा विजेचा संबंध राहावा आणि खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजू नये म्हणून. शेठ म्हणाले, एवढीशी क्लिप नसली तर काय बिघडतं? मिस्त्री टॉर्च दातांत धरून काहीतरी बोलला. ते टॉर्चमुळे कळलं नाही, हे बरंच झालं.

एक टोक बसलं. दुसरं बसेना. नवा बेलो आखूड आणि ताठ, त्याला खेचून गळपट्टीवर चढवायचा तर धरायला जागा नाही. पुस्तकात यासाठी खास अवजाराचं चित्र होतं. मिस्त्रीने ते चित्र बघितलं, पान उलटून मागे काय आहे तेही बघितलं. साबणाचं पाणी लावलं. एक बाजू चढवली की दुसरी निसटायची. धक्क्यावर बसलेल्या मंडळींत आता पैजेचा रंग भरू लागला होता आणि खाडीच्या मुखाशी पाण्याची पहिली चमक दिसायला लागली होती.

इतका वेळ गप्प असलेले तांडेलकाका उठले. जाळ्याची नायलॉनची बारीक दोरी काढली, बेलोच्या शेवटच्या घडीत तिचे दोन वेढे घातले, एक टोक स्वतः घेतलं, दुसरं शेठच्या हातात दिलं. "झटका मारायचा नाही. जाळं ओढतात तसं. माझ्याबरोबर." शेठनी आयुष्यात जाळं ओढलं नव्हतं, खाल्लं होतं ते त्यातलं. तरी ओढलं. दोन्ही बाजूंनी सारखा ताण आला, मिस्त्रीने अंगठ्यांनी काठ दाबत नेला आणि 'टप्' असा आवाज होऊन खाच उठावावर जाऊन बसली. काकांनी दोरी अलगद सोडवून घेतली, घडी केली, खिशात टाकली. नायलॉन वाया घालवत नाहीत.

क्लॅम्प आवळला. सगळे खूश. शेठनी चहा सांगितला.

पण मिस्त्रीची खोड अशी की हात घातलाच आहे तर शेजारी काय आहे तेही चाचपायचं. त्याने शेजारचा जाड बेलो अंगठ्याने दाबला, घडी उलगडली आणि आरसा परत मागितला. घडीच्या पोटात नखाएवढी बारीक चीर.

"शेठ, हा बघितलात?"

"तो कुठे आवाज करतोय?"

"हा आवाज करत नाही. हा बुडवतो."

शेठ जरा वेळ गप्प राहिले. आदल्याच आठवड्यात ते याच बोटीतून पाहुण्यांना घेऊन समुद्रात जाऊन आले होते आणि सगळ्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली होती. "दिवाळीनंतर केलं तर?" त्यांनी विचारून पाहिलं. मिस्त्रीने खांदे उडवले. जाड बेलो बदलायचा म्हणजे अख्खा ड्राइव्ह उतरवावा लागतो, ते काम एका ओहोटीत होत नाही. आणि तसाच ठेवला तर रात्री किती पाणी आत येईल, असं शेठनी काकांना विचारलं.

"बॅटरी संपेस्तोवर तुमचा पंप उपसेल," काका म्हणाले. "त्यानंतर येईल तेवढं."

तेव्हा ठरलं की बोट वर घ्यायची. दुपारच्या उधाणाच्या भरतीला पाणी अगदी कडेपर्यंत चढलं, तेव्हा पंधरा-वीस जणांनी हात लावून, हैय्या करत, ती पार वरच्या पुळणीवर नेऊन टेकवली. तिथे भांगाच्या दिवसांतलं पाणी पोचत नाही. म्हणजे तिला खाली आणायला पाणी येणार ते थेट पौर्णिमेच्या उधाणाला. तोवर मुंबईहून जाड बेलो येणार, ड्राइव्ह उतरणार, परत चढणार. सगळं हिशेबात होतं.

हिशेबात एकच गोष्ट नव्हती. शेठना आवाज ऐकायचा होता, म्हणजे त्यांच्या मते जो आता येणार नव्हता तो. एवढे पैसे घालून बंद केलेला आवाज बंद झालाय की नाही, हे कळायला पौर्णिमेपर्यंत थांबायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या मोटरचा पाइप आला, पाण्याचं पिंप आलं आणि ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर कानपट्ट्यांसारखे रबरी पेले लावून त्यात पाइप जोडण्यात आला. पाण्याशिवाय इंजिन चालवलं तर आतला रबरी पंप जळतो आणि कालचा बेलोही, एवढं शेठ शिकले होते. बातमी पसरली. बायका टोपल्या ठेवून आल्या, रिक्षावाला आला, वेल्डरही आला.

शेठनी चावी फिरवली. पुळणीवरचे बगळे एकदम उडाले, कुत्री पळाली आणि आजवर कोणत्याही बोटीने डहाणूच्या खाडीत काढला नव्हता असा आवाज निघाला.

"सुटला वाटतं परत," काका मिस्त्रीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले.

"नाही काका," मिस्त्री ओरडला. "धूर पंख्यातून निघतो आणि पंखा हवेत आहे. पाण्याखाली गेला की गप्प बसेल."

"मग घाल की पाण्यात."

"पौर्णिमेला!"

शेठ स्टिअरिंगमागे ताठ बसले होते. त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि हाताने खूण करत म्हणाले, आधीपेक्षा पुष्कळ कमी झालाय, नाही? ओठांवरून एवढं कळलं. कोणी उलट बोललं नाही. बोललं असतं तरी ऐकू कुठे येणार होतं.